तिरका भांग

डोकं ज्याचं त्याचं, पण त्यावरचे केस कसे ठेवायचे हे गाव ठरवायचं. आमच्या माणदेशात बलुतं चालू होतं तोवर हीच रीत. न्हावी काखेत धोकटी मारून यायचा आणि पारावर बसायचा. वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, पाण्याची वाटी, एवढंच सामान. सुगीला खळ्यावर घरटी धान्य मिळायचं, त्यात वर्षभराची दाढी-डोई. म्हाताऱ्यांना घेरा आणि शेंडी, पोरांना चकोट. "असं काप, तसं काप" म्हणायची सोयच नव्हती.

त्या पारावर सगळ्यांची डोकी बसत नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिलंय. गावात न्हावी होते, पण या पोरांच्या डोक्याला कुणी हात लावत नव्हतं. थोरली बहीण केस कापायची. दुसरीकडं, विधवा झालेल्या बाईच्या डोक्यावर तिची इच्छा असो-नसो वस्तरा फिरायचा. त्याविरुद्ध नाभिकच उभे राहिले. 1890 साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत त्यांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. हातातलं काम नाकारायचं म्हणजे पोटाला चिमटा घ्यायचा, तरी त्यांनी ते ठरवलं.

पुरुषांच्या डोक्यावर निवड आली ती मुंबईच्या वाटेनं. गिरणीत गेलेली माणसं यात्रेला गावी यायची तेव्हा त्यांचे केस एका अंगाला बारीक अन् दुसऱ्या अंगाला लाटेसारखे वळलेले असायचे. त्यातच यात्रेत तंबूतला सिनेमा आला. दिलीपकुमारची कपाळावर उतरलेली बट आणि देव आनंदचा कोंबडा पोरांनी डोळे भरून पाहिला. मग पारावर भांडणं सुरू झाली. "का रं, तमाशात नाचायचंय व्हय?" असं म्हणत बापानं पोराचा कोंबडा उतरवल्याची उदाहरणं आमच्या आळीत कमी नव्हती.

असा तिरका भांग पाडणं सोपं नसतं. आमच्या गावचे म्हातारे न्हावी, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आधी डोक्यावर बोट फिरवून भोवरा शोधायचे. भोवरा ज्या अंगाला, भांग त्या अंगाला. मग केस आपसूक दुसरीकडं लवतात. दोन भोवरे निघाले की, "तुझी दोन लग्नं होणार गड्या," म्हणून हसायचे. भांगाच्या बाजूचे केस बोटभर, समोरचे चार बोटं. कुरळ्या-लाटदार केसाला ते बोटभर जादा सोडायचे, कारण ओला असताना लांब दिसणारा केस वाळला की वर चढतो. वरचा केस फार विरळ करायचा नाही, नाहीतर लाट मोडून नुसतं झिपरं होतं. न्हाल्यावर केस ओले असतानाच फणी फिरवायची, दोन थेंब खोबरेल तळव्यावर चोळून लावायचं आणि लाट बोटांनी दाबून बसवायची. वाळल्यावर परत फणी घालायची नाही. चेहरा लांबट असेल तर वर उंच कोंबडा काढायचा नाही, केस आडवे वळवायचे.

1955 साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आला आणि केस कापायला नकार देणं गुन्हा ठरलं. गावं लगेच बदलली नाहीत. कैक वर्षं कितीतरी पोरं केस कापायला तालुक्याला चालत जायची. तिथल्या सलूनात रोख पैसे, लाकडी खुर्ची आणि समोर मोठा आरसा. त्या आरशात बघून, "भांग डावीकडं पाडा," असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, ते पारावर बसणाऱ्यांना कळायचं नाही.

पुढं बलुतं मोडलं. तात्यांच्या नातवानं एसटी स्टँडजवळ सलून टाकलं. बाकावर सगळे नंबरानं बसतात. पाटलाचा पोरगा उशिरा आला तर तोही थांबतो. पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात, "डावीकडनं झीरो मशीन, उजवीकडं लाटा सोड." तात्या कोपऱ्यात बसलेले असत. फोटो डोळ्यांजवळ धरून बघायचे अन् नातवाला सांगायचे, "आरं, आधी ह्याचा भोवरा कुठंय ते बघ."