चांद्रयान : एका ध्येयाची तीन पावले

१५ ऑगस्ट २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लाल किल्ल्यावरून चांद्रमोहिमेची घोषणा केली, तेव्हा अनेकांनी शंका घेतली. बारा माणसे चंद्रावर चालून आली असताना आता तेथे यंत्र कशासाठी पाठवायचे? या प्रश्नाचे उत्तर मोहिमेच्या उद्दिष्टांतच होते. अपोलोची सारी याने ध्रुवांपासून दूर उतरली होती. ध्रुवप्रदेशाची ओळख अपुरीच होती.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ श्रीहरिकोट्याहून निघाले. चंद्राचा त्रिमितीय नकाशा तयार करणे आणि तेथील खनिजे व मूलद्रव्ये नोंदणे, हे त्याचे काम. सोबतच्या अकरा उपकरणांपैकी पाच भारतीय होती. दोन वर्षांसाठी योजलेल्या या यानाशी दहा महिन्यांतच, २९ ऑगस्ट २००९ रोजी, संपर्क तुटला. परंतु पुढच्याच महिन्यात, त्यावरील अमेरिकी उपकरणाच्या नोंदींवरून, चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश असल्याचे जाहीर झाले. यान मूक झाले, तरी त्याचे उद्दिष्ट वाया गेले नाही.

दुसरे उद्दिष्ट अधिक अवघड होते : अलगद उतरणे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ‘विक्रम’ चंद्रावर आदळला आणि देश हळहळला. कक्षेतील यान मात्र कार्यरत राहिले. त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे पुढच्या मोहिमेची जागा ठरवताना उपयोगी पडली.

तिसऱ्या वेळी शास्त्रज्ञांनी आधी विचारले, काय काय चुकू शकेल? पाय बळकट केले, इंधन वाढवले, वेग मोजणारे नवे उपकरण बसवले. उतरण्याचे क्षेत्र अर्धा किलोमीटर चौरसावरून चार किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद केले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात स्थिरावला. अवघ्या सव्वीस किलोंच्या ‘प्रज्ञान’ने तेथील मातीत गंधक असल्याची खात्री केली. पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटरांतच तापमान झपाट्याने उतरते, हेही ‘विक्रम’वरील तापमापकाने दाखवले.

चंद्राची माती पृथ्वीवर आणणे, हे चांद्रयान-४ चे उद्दिष्ट आहे.

चुकलेले गणित खोडून न टाकता, त्याच्याच शेजारी ते पुन्हा सोडवायला आपले गुरुजन आपल्याला सांगत. चांद्रयानाचा इतिहास वाचताना ती वही आठवते.