सहाशे साच्यांचे कोडे

छपाईचे यंत्र आपल्या किनाऱ्याला लागले 1556 साली, आणि तेही योगायोगाने. जेझुइटांनी ते ॲबिसिनियाला धाडले होते. वाटेत गोव्यात उतरले आणि तिथेच राहिले. तरीही साठ वर्षांनी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापून निघाले ते रोमन लिपीत. ओव्या मराठी, अक्षरे परकी. देशी लिपीत छापायची हौस स्टीफन्सला नव्हती असे नाही. 1608च्या एका पत्रात त्याने अडचण मांडली आहे: युरोपात चोवीस साच्यांत काम भागते, इथे सहाशे लागतील. काना, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचा हिशेब मांडला की हा आकडा फुगवलेला वाटत नाही.

पुढचा प्रयत्न एका व्यापाऱ्याचा. सुरतेचा भीमजी पारेख हा ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत ही त्याची इच्छा. त्याने 1670 मध्ये कंपनीकडे मुद्रक मागितला, खर्च सोसायची तयारीही दाखवली. 1674 साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आला. सोबत यंत्र, कागद आणि इंग्रजी खिळे. इथेच घोडे अडले. विलायतेत छापणारा वेगळा आणि खिळे घडवणारा वेगळा. पोलादी कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, मग त्यात शिसे ओतायचे. यातले कोरीवकाम हिल्सला येत नव्हते. भीमजीच्या माणसांनी स्वतःच खटपट करून काही अक्षरे उठवली, ती सुरतकर इंग्रजांना पसंतही पडली. पण ग्रंथ काही निघाला नाही. पैसा, यंत्र आणि जिद्द असूनही भीमजी हरला तो एका कारागिरापायी, असे मला वाटते.

तो कारागीर भेटायला आणखी शतक गेले, आणि भेटला तो बंगालमध्ये. चार्ल्स विल्किन्सने 1778 साली हुगळीला बंगाली खिळे पाडले, तेव्हा पंचानन कर्मकार त्याच्या हाताखाली होता. पुढे श्रीरामपूरला पंचाननने देवनागरी कोरली आणि आपला जावई मनोहर यालाही कसबात तयार केले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 साली तिथेच छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी तर कोडे सोडवण्याऐवजी बगल दिली: 1831चे पंचांग त्यांनी शिळाछापावर काढले. दगडावर हस्ताक्षर उमटवायचे असल्याने खिळ्यांची गरजच उरली नाही. (शाईत चरबी नको म्हणून तूप घातल्याची कथा आहे, गिऱ्हाईक ओळखणे हाही शोधाचाच भाग.) खिळ्यांना सुबक रूप आले ते जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात, राणोजी रावजी आरू यांच्या हातून.

एवढ्यात नवे यंत्र दारात उभे राहिले. लायनोटाइपला कळा फक्त नव्वद! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मग लिपीच छाटायची टूम निघाली. सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली. यंत्र सुधारत नाही तर अक्षर वाकवा, असा तो काळ. संगणकाने उलटे केले. 1991मध्ये इस्की आणि युनिकोड या दोन्ही संकेतप्रणालींनी साचे मोजणे सोडून मूळ वर्ण तेवढे साठवले. क, हलन्त आणि ष यांतून क्ष घडवणे हे फाँटचे काम ठरले. मात्र त्याआधीच्या फाँटांत टंकलेली फाइल आज उघडा, पडद्यावर निरर्थक चिन्हांची खिचडी दिसते.