डिझेल गाडीत 'चेक इंजिन' दिवा लागला, तर लगेच पार्ट बदलावा का?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो आणि 'टर्बो गेला' असं सांगितलं जातं. टर्बो बदलणं हे खर्चिक काम. पण स्कॅनरने खरंच टर्बो गेल्याचं सांगितलेलं असतं का?

कोड नेमकं काय सांगतो?

इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक म्हणजे ईसीयू. एखाद्या सेन्सरचं रीडिंग अपेक्षित मर्यादेबाहेर गेलं की तो कोड साठवतो आणि दिवा लावतो. डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या ओबीडी पोर्टमधून हा कोड वाचता येतो. मात्र कोड लक्षण सांगतो, कारण नाही. थर्मामीटर ताप दाखवतो. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे तपासणीनंतरच कळतं.

'पी०२९९' म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. इंटरकूलरचा पाइप फाटला, क्लॅम्प सैल झाला किंवा व्हॅक्यूमची नळी गळत असली, तरी हाच कोड येऊ शकतो. 'पी००८७' म्हणजे फ्युएल रेलमधला दाब कमी. त्यामागे महागडा हाय-प्रेशर पंप असू शकतो, तसाच तुंबलेला डिझेल फिल्टरही.

आधी काय तपासावं?

- कोड पुसण्याआधी तो आणि 'फ्रीज फ्रेम' नोंदवून घ्यावी. दोष आढळला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान त्यात असतं. कोड पुसला की ही माहितीही जाते.
- बॅटरीचं व्होल्टेज, वायरिंगचे कनेक्टर, फिल्टर आणि नळ्या पाहाव्यात.
- गाडी चालवताना अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर ताडून पाहावा.
- इंजेक्टरवर संशय असेल, तर 'लीक-ऑफ' चाचणी करावी. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजलं, की बिघडलेला इंजेक्टर वेगळा ओळखता येतो.

बीएस-६ गाड्यांचं वेगळं काय?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ सर्रास आला. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि त्याचा दिवा लागतो. अशा वेळी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालवल्यास तो अनेकदा साफ होतो.

कधी थांबू नये?

ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करावं. इंजिन सुरू असताना डिझेलची हाय-प्रेशर लाइन स्वतः कधीही सैल करू नये. तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार त्वचेत घुसू शकते.

गॅरेजमध्ये पार्ट बदलायला होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: 'हा पार्ट खराब आहे, हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं?' उत्तर फक्त 'कोड आला' असं असेल, तर तपासणी अजून बाकी आहे.