धारेचं पाणी: लोडरच्या वाकलेल्या बकेटची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.

२०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई'चे मीम तुम्ही पाहिले असतीलच. अख्खा देश एक पिवळं मशीन बघत उभा! पण त्या मशीनचा जो भाग खरोखर मातीला भिडतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बकेटच्या पुढच्या कडेला एक जाड पोलादी पट्टी असते. कुणी तिला ब्लेड म्हणतं, कुणी नुसती पट्टी. शेणखत भरताना, मुरूम ओढताना बकेटचा एकच कोपरा जमिनीत रुतलेल्या दगडावर आदळतो आणि पट्टी वाकते. मग सपाटीकरण करताना एका बाजूला खोल चर, दुसऱ्या बाजूला उंचवटा. ट्रॅक्टर चालू, डिझेल जळतंय, पण काम सरळ होत नाही.

मालक म्हणतो, "गरम करून ठोकून सरळ करू, त्यात काय!" आजचा भाग नेमका या वाक्याबद्दल आहे. कारण हा उपाय कित्येक शतकं बरोबर होता. आणि आता काही पट्ट्यांसाठी तोच सगळ्यात महागडा ठरतो.

फाळ शेवटणं म्हणजे काय?

आधी आपल्याच गावात जाऊ. जुना नांगर लाकडाचा, फक्त टोकाला लोखंडी फाळ. माती, वाळू, खडे खाऊन फाळ झिजायचा. मग शेतकरी तो लोहाराकडे 'शेवटायला' न्यायचा. म्हणजे भात्यावर तापवायचा, ऐरणीवर ठोकून टोक पुन्हा काढायचं, गरज पडली तर पोलादाचा तुकडा जोडायचा आणि शेवटी धारेला पाणी द्यायचं. लोहार बलुतेदार असल्यामुळे दर खेपेला रोख पैसे मोजायचे नाहीत, सुगीला धान्य द्यायचं.

'पाणी देणं' म्हणजे लालभडक पोलाद पाण्यात बुडवून एकदम थंड करणं. त्याने धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून कसबी लोहार ती पुन्हा बेताने तापवायचा. किती? तर पोलादावर चढणारा रंग बघून: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. ना थर्मामीटर, ना पुस्तक. डोळा हेच मीटर.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. पाणी दिलेली धार जास्त तापली की 'पाणी उतरतं', धार मऊ पडते. माणसाचं पाणी उतरलं असं आपण म्हणतो ना, तसंच.

१९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर कारखान्यातून येऊ लागला. म्हणजे धार बनवणारा आणि धार दुरुस्त करणारा, हे दोघं वेगळे व्हायला लागले. हा धागा पकडून ठेवा.

बकेटचा पणजोबा

आता थेट कॅलिफोर्नियात जाऊ, कारण बकेटचं घराणं तिथलं. फ्रेस्नो गावाच्या आसपास शेतीसाठी कालवे खणायचे होते. जमीन रेताड. तेव्हाची घोड्यांची फळी माती नुसती पुढे ढकलायची, उचलायची नाही. स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स पोर्टियस या कारागिराने १८८३ मध्ये 'फ्रेस्नो स्क्रेपर' आणला. इंग्रजी सी अक्षरासारखं वाकवलेलं लोखंडी पात्र, खालच्या कडेला पातं आणि मागे लांब दांडा.

गंमत त्या दांड्यात होती. मागून चालणारा माणूस दांडा थोडा उचलायचा, की पातं मातीत घुसायचं. दांडा दाबला की पातं वर, आणि भरलेलं पात्र घसरत पुढे. पूर्ण उचलला की पात्र पालथं, माती खाली. आज लोडरचा ड्रायव्हर लिव्हरने बकेटचा कोन बदलतो, तेच काम. अमेरिकेने पनामा कालवा खणला तेव्हाही हे स्क्रेपर वापरले गेले. सगळी करामत होती पात्याच्या कोनात. म्हणूनच पातं वाकलं की कोन बिघडतो आणि कोन बिघडला की अख्खं मशीन बिघडल्यासारखं वागतं.

रॉड जन्मला तोच दुरुस्तीसाठी

पुढचं वळण विजेचं. १८८०च्या दशकात रशियन साम्राज्यात निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीने विजेची ठिणगी पाडून धातू जोडला. निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी घेतली, जी स्वतः वितळून सांध्यात भरते. पण उघड्या वितळलेल्या धातूत हवा शिरायची आणि सांधा कमजोर व्हायचा.

तोडगा काढला स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरी यांनी. ते जहाजांच्या गळक्या बॉयलरची दुरुस्ती करायचे. कांडीवर खनिजांचा लेप दिला, तर तो जळून सांध्यावर वायूचं आणि मळीचं पांघरूण घालतो, ही त्यांची युक्ती. १९०४ मध्ये त्यांनी ईसाब ही कंपनी काढली. आज तुमच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जो रॉड वापरतात, त्याचं मूळ हे. म्हणजे लेप दिलेला वेल्डिंग रॉड जन्माला आला तोच मोडलेलं जोडण्यासाठी.

मग १९४५, इंग्लंड. महायुद्ध संपलंय. युटॉक्सिटर गावात जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी एक छोटं गॅरेज भाड्याने घेतलं. सेकंडहँड वेल्डिंग मशीन आणलं आणि युद्धातल्या भंगारातून ट्रॅक्टरची ट्रॉली बनवली. तिचे पत्रे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यांचे होते! पुढे त्यांनी ट्रॅक्टरला हायड्रॉलिक लोडर बसवला आणि १९५३ मध्ये पुढे लोडर, मागे खोदणारा हात असं मशीन आणलं. त्यांच्या नावाची आद्याक्षरं? जे, सी, बी. १९७९ पासून ही कंपनी भारतात आहे. तिचं नाव आपल्याकडे अख्ख्या मशीनच्या जातीलाच पडलं.

मग ठोकून सरळ का नाही करायचं?

आता मालकाच्या वाक्याकडे येऊ. बकेट साध्या लोखंडाची असेल, तर तापवून सरळ करणं आजही चालतं. लाल करायचं, जाड गर्डर आणि जॅक लावून दाबायचं आणि आपोआप गार होऊ द्यायचं. वर पाणी ओतायचं नाही. थंडच दाबत असाल, तर सरळ रेषेच्या किंचित पुढे दाबायचं, कारण पोलाद थोडं मागे येतंच.

पण १९७०च्या दशकापासून झिजेला टक्कर देणारे खास पोलादी पत्रे बाजारात आले. स्वीडनचं हार्डॉक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. या पत्र्यांना कारखान्यातच 'पाणी' दिलेलं असतं. हार्डॉक्सच्या नेहमीच्या प्रकारांना अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवू नका, असं सांगतात. आणि लोखंड लाल दिसायलाच पाचशेच्या वर जावं लागतं! म्हणजे गॅसने पट्टी लाल केली, तर ती सरळ होते, पण पाणी उतरतं. वरून झकास दिसते आणि चार दिवसांत झिजते, नाहीतर पुन्हा वाकते. आपल्या आजोबांच्या लोहाराला हे लगेच कळलं असतं. फरक इतकाच, की पाणी आता त्याने दिलेलं नसतं. कुणी, किती दिलं हे पट्टीकडे बघून कळत नाही.

म्हणून आधी पट्टी ओळखा. कानस मारून बघा: साधं लोखंड घासलं जातं, कडक पोलादावरून कानस घसरते. ग्राइंडर लावा: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ, जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. कडक पट्टी खूप वाकली असेल, तर सरळ करण्यापेक्षा कापून नवी बसवलेली बरी. बोल्टची पट्टी असेल तर सुटकाच. अनेक पट्ट्यांना दोन्हीकडे धार असते, एक बाजू झिजली की उलटून लावायची.

वेल्डिंग करायचंच असेल, तर सांध्याची जागा आधी कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच तापवा, रॉड कोरडे ठेवा आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं जोडत जा. सलग एका दमात ओढलंत, तर उष्णतेनेच पट्टी पुन्हा वाकेल. पावसाळ्यात दमट रॉड वापरला, तर त्यातल्या ओलाव्याचा हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आपोआप तडा जातो. आपल्याला वाटतं रॉड खराब, पण दोष ओलाव्याचा. अर्थिंगचा चिमटा बकेटलाच लावा, बॅटरीच्या वायरी काढून ठेवा. आणि नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या बकेटखाली कधीही जाऊ नका. बकेट जमिनीवर टेकवूनच काम करा.

फाळाचं पाणी गावातच दिलं जायचं, म्हणून ते उतरल्याचंही गावातच कळायचं. आज पट्टीचं पाणी परदेशातल्या कारखान्यात दिलं जातं आणि दुरुस्ती होते फाट्यावरच्या शेडमध्ये. त्या शेडमधल्या वेल्डरच्या हातात कसब भरपूर आहे. त्याच्यापर्यंत पोचत नाही ती माहिती, की समोरचं पोलाद नेमकं कोणतं. म्हणून नवी पट्टी घेताना दुकानदाराला तिचा ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी ती वाकेल, तेव्हा तो कागद वेल्डरला दाखवता येईल.

आणि हो, तुमच्या गावात अजून कुणी फाळ शेवटून देत असेल, तर त्यांच्याकडे जा, परवानगी घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. पोलादाचे रंग ते कोणत्या नावांनी ओळखतात, हे नक्की विचारा आणि आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!