आळीभर गेलेली वायर

केबलचा पहिला अवतार अगदी घरगुती होता. एका खोलीत व्हीसीआर, भाड्याने आणलेली कॅसेट, आणि छपरांवरून, विजेच्या खांबांवरून आळीभर गेलेली वायर. मुंबईच्या इमारती असोत की विदर्भातली तालुक्याची गावे, प्रकार एकच. आज भंडाऱ्यात कुणी जुन्या संगणकावर जेलीफिन किंवा प्लेक्स हे मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवून सिनेमे, गाणी, झाडीपट्टीतल्या नाटकांची चित्रणे साठवतो आणि नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना पासवर्ड देतो, तेव्हा तो त्या केबलवाल्याचाच वारस ठरतो. त्याच्यासाठीची रेघ कायद्याने तेव्हाच ओढली आहे. गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या १९८९च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न होता: बघणारे आपापल्या घरात, मग हे सार्वजनिक प्रसारण कसे? न्यायालयाने ठरवले की घर खासगी असले तरी केबलचे ग्राहक हा जनतेचाच एक भाग. नागपूर खंडपीठाच्या कक्षेतल्या भंडाऱ्यालाही तेच लागू. पुढे कॉपीराइट कायद्यातल्या १९९४च्या दुरुस्तीने एकाहून अधिक घरांपर्यंत केबलने पोचवलेली कलाकृती जनतेपर्यंत पोचवलेलीच मानली, आणि २०१२ साली प्रेक्षकाने आपल्या सोयीची वेळ निवडून पाहणेही त्याच व्याख्येत आले.

पैसे घेत नाही, मग गुन्हा कसला, असे कुणी म्हणेल. व्याख्येत पैशाचा उल्लेखच नाही. त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकते. म्हणजे फुकट वाटणे हे फार तर सौम्यतेचे कारण, बचाव नव्हे. खासगी वापराची सूट खरीच आहे, पण ती घरापुरती. झाडीपट्टीच्या नाटकाचे स्वतःसाठी केलेले चित्रणही कलावंतांच्या हक्कातून सुटते. वाटलेले सुटत नाही.

खासगीपणाचा हिशेब मात्र उलटा आहे. जुन्या केबलवाल्याला पैसे कोण देतो ते ठाऊक असे, कोण काय पाहतो ते नाही. वायर एकाच दिशेने बोलत असे. १९९५च्या केबल टीव्ही कायद्याने त्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करायला लावले. डिजिटल केबलचा चौथा टप्पा ग्रामीण भागासाठी होता, त्याची मुदत ३१ मार्च २०१७. त्यासोबत प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता आणि डब्याचा क्रमांक नोंदला गेला. धंदा कायद्यात आला आणि घर वहीत आले. या वहीतून सुटण्यासाठीच घरचा सर्व्हर, हा युक्तिवाद कंपन्यांपुरता मला मान्य आहे. पण कोणत्या खात्याने कोणता सिनेमा कितव्या मिनिटाला थांबवला, हे आता तो सर्व्हर नोंदतो आणि त्याचा मालक वाचू शकतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीचा घरगुती वापर कक्षेबाहेर ठेवला आहे. त्यामुळे कंपनीविरुद्ध दाद मागायची जी वाट हा कायदा आखतो, ती मावसभावाच्या संगणकापर्यंत जात नाही.