भिंत कोणाची?

मंडळी, आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. दुकानाच्या शटरवर रातोरात कुणी स्प्रेने आपलं नाव फवारून गेला, तर काय करायचं? पण या प्रश्नाने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांना दोन-तीन दशकं घाम फोडला.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाचा एक तरुण भिंतोभिंती तेच नाव लिहीत सुटला. न्यूयॉर्कमध्ये 'टाकी १८३' निघाला. १९७१मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर लेख छापला आणि अनुकरणाचं पेव फुटलं. आता बघा, या लिखाणात घोषणा नाही, मागणी नाही. आहे ते फक्त नाव. 'मी इथे आहे', एवढंच.

१९८४ साली दोन्ही शहरांत दोन वेगळी उत्तरं पुढे आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे प्रमुख डेव्हिड गन यांनी नियम केला : एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला, तर पुसल्याशिवाय तो धावणार नाही. नाव दिसणारच नसेल, तर लिहिणार कशाला? मे १९८९मध्ये रंगवलेला शेवटचा डबा सेवेतून काढला गेला. फिलाडेल्फियात महापौर विल्सन गूड यांनी ग्राफिटीविरोधी मोहीम काढली. तिथे चित्रकार जेन गोल्डन यांनी याच मुलांना हाताशी धरून भित्तिचित्रं काढायला लावली. १९९६मध्ये त्यातूनच 'म्युरल आर्ट्स' हा उपक्रम उभा राहिला. आज तिथली हजारो भित्तिचित्रं बघायला लोक मुद्दाम जातात.

म्हणजे एका उत्तराने ओळख नाकारली, दुसऱ्याने ती श्रमाच्या बदल्यात दिली.

पण भर व्यापारी पेठेत काय झालं? १९९१पासून फिलाडेल्फियाच्या मध्यभागात 'सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट' काम करू लागलं. मालमत्ताधारक नेहमीच्या करावर जादा आकार भरतात आणि त्यातून झाडलोट होते, भिंतीवरचं लिखाण पुसलं जातं. दुकानदाराची बाजू खोटी नाही. न केलेल्या गोष्टीचा भुर्दंड त्यालाच बसतो, आणि घाण दिसली की गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

तरीही तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला एक विचारावंसं वाटतं. त्याच चौकात पैसे मोजून कंपनीचं नाव वीस फुटी अक्षरांत लावता येतं. त्याला आपण जाहिरात म्हणतो. पैसे नसलेल्याचं नाव मात्र विद्रूपीकरण ठरतं. फरक आहे, मान्य. एकाने परवानगी घेतली, दुसऱ्याने नाही. पण परवानगी मागायची सोय त्या पोराला होती का? फिलाडेल्फियाने निदान काही भिंतींपुरती ती करून दिली. पुसणं चालूच राहिलं, राहायलाच हवं. मात्र नुसतं पुसणाऱ्या शहराने त्या मुलाला काहीच विचारलेलं नसतं.

विचार करा. प्रश्न असतील तर आता घेऊ.