अडुसष्ट आणि अडतीस

परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिव्याशेजारीं पुस्तक घेऊन जागणारा विद्यार्थी कोणत्या घरानें पाहिला नाहीं? त्या जागरणाच्या जमाखर्चाचा पहिला शास्त्रशुद्ध हिशेब हर्मन एबिंगहाउस या जर्मन पंडितानें मांडला, आणि तोहि स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग करून.

१८७९ सालीं त्यानें या उद्योगास आरंभ केला. परीक्षक तोच आणि विद्यार्थीहि तोच. पूर्वज्ञानाचा आधार मिळूं नये म्हणून त्यानें सुमारें २३०० निरर्थक अक्षरगट रचले, आणि घड्याळाच्या ठोक्यावर, मिनिटास १५० या गतीनें, ते तो पाठ करीत बसला. इतकें नीरस काम विद्वत्तेच्या इतिहासांत फार थोड्यांनीं इतक्या निष्ठेनें केलें असेल! त्याचा ग्रंथ १८८५ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांत असें दिसून आलें कीं, विस्मरणाचा वेग प्रारंभींच अधिक असतो. पाठ केलेली माळ तासाभरानें पुन्हा बसवितांना निम्मेहि श्रम वाचत नसत. दिवसानें सुमारें एकतृतीयांश वाचत. पण महिना लोटल्यावरहि एकपंचमांश वाचतच. याहून महत्त्वाचा शोध निराळाच होता. बारा अक्षरगटांची माळ एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून दुसऱ्या दिवशीं जितका लाभ होई, तितकाच लाभ तीन दिवसांत वाटून दिलेल्या ३८ आवर्तनांनीं होई. बायरनच्या ‘डॉन जुआन’मधील कडवीं त्यानें पाठ केलीं, तेव्हां तर निरर्थक अक्षरांच्या मानानें दहावा हिस्साच श्रम पडले. अर्थाचें साहाय्य तें एवढें.

एका माणसाच्या स्मृतीवरून सर्वांसाठीं नियम काढणें धाडसाचेंच. परंतु २०१५ सालीं आम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हां विस्मरणाची रेषा जवळजवळ तशीच निघाली.

महाराष्ट्रांत दिवेलागणीस मुलांकडून परवचा म्हणवून घेण्याची चाल होती. तिला कोणी प्रयोगाचें नांव दिलें नाहीं. पण रोज थोडें, आणि तेंहि पाटीपुस्तकावांचून, असाच तिचा क्रम होता.

यांतील ‘पुस्तकावांचून’ या अंगाची कसोटी २००६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें रोडिगर व कार्पिक यांनीं पाहिली. एका तुकडीनें एक उतारा चार बैठकींत वाचला. दुसरीनें एका बैठकींत वाचून पुढील तिन्ही वेळां आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं घेतलेल्या परीक्षेंत वाचणारे पुढें होते : शेंकडा ८३ विरुद्ध ७१. आठवड्यानंतर त्यांना शेंकडा ४० च आठवलें, लिहिणाऱ्यांना ६१. आठवड्यानंतर किती आठवेल असें आधीं विचारलें असतां, अधिक खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच वाटत होती.